तानाजीच्या हाताचा गुण

वस्ती, सिरसाळ्याजवळ
१८ नोव्हेंबर २०२४

चि. तानाजी,

अक्काचा आशीर्वाद घे, अन् तुझी पत्रं उघडून वाचणाऱ्या साहेबांना माझा रामराम सांग. मागच्या पत्रातल्या दोन ओळी त्यांनी काळ्या केल्या म्हणं. त्यात मी आपली कोंबडी कुणी नेली तेवढंच लिहलतं. जाऊ दे, त्यांचं काम ते करतात.

फोनची वाट बघू नको. जेलात तू नंबर नोंदवलास सोमनाथचा, अन् आपला हा चुलतभाऊ गेला कर्नाटकात ऊस तोडायला, फोन खिशात घालून. माझ्याकडं फोन न्हाई, तुला ठावं हाय. नंबर बदलायचा तुझा अर्ज मंजूर होईस्तवर आपलं पोस्टच बरं.

इकडं ऐंशी मेंढरं, एक माय अन् एक मी. मायचे पाय थकले, तोंड न्हाई थकलं. तू त्या गायरानाच्या भांडणात काठी उचलली नसती तर आज मेंढरामागं तू असतास अन् मी सावलीत बसून तुला नावं ठिवली असती. दोन वर्षं झाली, अजून दोन हायेत. मोजत बसले तर येड लागंल.

एक सांगायचं म्हणजे, महिना झाला, टेकाड चढताना पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधी, कुणी पाटा ठिवल्यागत होतं. मग ते वर सरकून जबड्यात येतं. दाढ दुखती म्हणून लवंग धरली, तर दाढ भक्कम. एवढ्या थंडीत घाम सुटतो. खाली बसलं की दहा मिनिटांत जातं. मायनं बिब्बा लावला, ओवा चारला, काई फरक न्हाई. आपल्या वस्तीवरचे सटवाकाका म्हणले, मी देतो तापल्या सळईचा डाग. मी म्हणलं, काका, तुमच्या डागानं मेंढराला बी फरक पडत न्हाई, मी तर माणूस हाय.

डाग घेईन तर तुझ्याच हातचा. तुझ्या हाताला गुण हाय. आबांना दिलतास तवा कसं एका घटकंत दुखणं उतरलं अन् उठून चहा प्याले. पुढं त्यांचं आयुष्यच तेवढं होतं, त्याला कोण काय करणार. तुझी घरी यायची रजा जानेवारीत होईल म्हणलास ना? आलास की सळई तापवायची अन् पाठीत एक डाग द्यायचा. तवर मी दिस काढते.

तुझी,
सारजाअक्का


२९ नोव्हेंबर २०२४

अक्कास पाया पडून,

पत्र पोचलं. पाठीचं वाचल्यापासून जेवण जात न्हाई.

मी आता इथल्या दवाखान्यात कामाला हाय. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या. मागल्या आठवड्यात आमच्या बराकीतले विठ्ठलराव छातीवर हात धरून खाली बसले. डावा हात खांद्यापासून गळाला होता, अंग घामानं चिंब. मला वाटलं पित्त असंल. डॉक्टर धावत आले, त्यांना एक गोळी चावून खायला लावली, छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली अन् लगेच गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात धाडलं. आठ दिवसांनी माणूस चालत परत आला. त्याला हार्ट अटॅक आलता.

मी डॉक्टरांना विचारलं, हे असतं तरी काय? ते म्हणले, हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, पण त्याला सोताला रक्त आणणाऱ्या नळ्या येगळ्या. त्यातली एक तुंबली की तिच्यावरचा भाग उपाशी मरतो. ठिबकची नळी तुंबली की बाकी रान हिरवं अन् एकच ओळ सुकती, तसं मला समजलं. अन् एकदा सुकलेलं रोप मागून पाणी सोडून उठत न्हाई, म्हणून त्याला घाई करावी लागती.

तू अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात जा अन् ती पट्टी काढून घे. उद्याच जा. माझ्या रजेची वाट बघू नको, माझी रजा नामंजूर झाली. अन् डाग कुणाचाच घेऊ नको. कावून ते विचारू नको, एवढं ऐक.

तुझा,
तानाजी


१२ डिसेंबर २०२४

तानाजी,

तू माझ्याशी खोटं बोलायला कवापासून लागलास रे?

तुझं पत्र आलं शनिवारी. नेहमीसारखं माय म्हणली, अंगणात बस अन् मोठ्यानं वाच. सटवाकाका बी विडी घेऊन आले ऐकायला. रजा नामंजूर वाचलं तशी माय रडायला लागली, पुढलं मी मनातच वाचलं. अन् मंगळवारी ठाण्यातून शिपाई आला, रजेची चौकशी करायला! तानाजी घरी आला तर कुठं राहणार, जामीन कोण राहणार, सगळं लिहून घेतलं, मायचा अंगठा घेतला. मी विचारलं, नामंजूर झाली ना? तो हसला. म्हणला, बाई, आत्ताशी तर कागद आलाय.

मग हे कसलं वागणं? तुला घरी यायचं न्हाई का? माय अंगठ्याची शाई दोन दिस धुवंना, म्हणती ही माझ्या लेकाची शाई हाय. तिला मी काय सांगू?

दवाखान्याचं म्हणशील तर मी जाणार न्हाई. ऐंशी मेंढरं कुणाच्या गळ्यात बांधू? परवा लांडग्यानं दोन कोकरं नेली, ती बी मी पाणी प्यायला खाली उतरले तेवढ्यात. अन् तुझ्या विठ्ठलरावांना छातीत दुखलं, डावा हात गळाला. मला छातीत काई न्हाई, हात तर दोन्ही भक्कम हायेत, तू इथं असतास तर थोबाडीत मारून दाखवलं असतं.

सोमवारी जरा जास्त झालं, ते बी सांगते, न्हाईतर तू म्हणशील लपवलं. भाकरी थापत बसलते. टेकाड न्हाई, चढ न्हाई, बसल्याजागी पाठीत अन् जबड्यात आलं, मळमळलं, उलटी झाली, अंधारी आली. तासभर पडून राहिले. मग गेलं. तवापासून अंगात जीव न्हाई, पाण्याची घागर बी दोनदा खाली ठिवावी लागती. पित्तच हे. सरकारी दवाखान्याची आशाताई मनिषा म्हणली, चल माझ्यासंगं अंबाजोगाईला. मी तिला वाटंला लावलं. म्हणलं, माझा भाऊ येतोय.

माय रोज आल्यागेल्याला सांगती, माझ्या तानाजीनं बापासाठी जेवढं करता येईल तेवढं केलं. त्या एका गोष्टीवर ती म्हातारी उभी हाय. अन् तू म्हणतोस डाग घेऊ नको. कावून ते आता सांगच.

सारजा


२१ डिसेंबर २०२४

अक्का,

हे पत्र मायपुढं वाचू नको. मेंढरामागं जाशील तवा एकटी वाच. मनिषाताईच्या हातात पडंल असं तिच्या नावानं धाडतोय.

रजेचं मी खोटं लिहलं. तू माझ्या डागासाठी थांबली होतीस, ते थांबणं मोडायचं होतं. खरं कारण लिहायला बोट उचललं न्हाई. आता लिहतो.

विठ्ठलराव परत आले त्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, साहेब, एका माणसाला सकाळी दहाला असंच झालं. छातीत आवळून आलं, घाम फुटला. त्याला छातीवर डाग दिला तर दुखणं उतरलं. तो उठून बसला, चहा प्याला. मग चार वाजता एकाएकी गेला. हे कसं? डॉक्टर म्हणले, दुखणं उतरलं म्हणजे नळी मोकळी झाली असं न्हाई. कधी कळ आपोआप कमी होती, कधी दुसरीकडं भाजलं की पहिली कळ जाणवत न्हाई. आत मरायचं ते मरतच राहतं. मग त्यांनी बोटं मोजली अन् म्हणले, सहा तास होते राव त्याच्यापाशी. सहा तासांत तर माणूस लातूरला जाऊन आला असता. कोण होता तो?

मी म्हणलं, गावातला होता एक.

अक्का, आबांना आयुष्य कमी नव्हतं. सहा तास होते. तेवढे मी सळई तापवण्यात अन् लोकांची शाबासकी घेण्यात घालवले. आबा चहा प्याले तवा मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, बघा, उतरलं का न्हाई! तुला आठवत असंल. त्या दिवशी कुणी गाडीचं नाव बी काढलं न्हाई, कारण घरात मी होतो. मी नसतो तर त्यांना कुणीतरी दवाखान्यात नेलं असतं. आबांना मी मारलं असं डॉक्टर म्हणले न्हाईत. मी म्हणतो.

आता तुझं. तुझं पत्र मी डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते खुर्चीवरनं उठलेच. म्हणले, बाईला छातीतच दुखलं पाहिजे असं कुणी सांगितलं? बायांना कितीदा पाठ, जबडा, मळमळ, घाम अन् नुसता थकवा एवढंच होतं, अन् त्या पित्त म्हणून घरात बसतात. चढताना होत होतं ते आता बसल्याजागी झालं, म्हणजे वेळ संपत आली. पुन्हा झालं तर १०८ला फोन लावायचा, बैलगाडी, मोटारसायकल, काई बघत बसायचं न्हाई. डॉक्टरांनी माझ्यासमोर सोमनाथचा नंबर लावून बघितला. बंद हाय. मनिषाताईचा नंबर माझ्यापाशी न्हाई.

मी इथं भिंतीला पाठ लावून बसतो. हे पत्र मी पेटीत टाकीन, पण ते कवा निघंल, कवा पोचंल, तवर तुला काय झालेलं असंल, काईच माझ्या हातात न्हाई. मला शिव्या दे, जल्मभर तोंड बघू नको, पण जा. लांडग्यानं सगळी मेंढरं नेली तरी जा.

तानाजी


९ जानेवारी २०२५

अक्का,

एकोणीस दिस झाले, तुझं पत्र न्हाई.

रजा आता खरंच नामंजूर झाली. ज्याचा हात माझ्या काठीनं मोडला त्यानं ठाण्यात लेखी हरकत घेतली. मी खोटं लिहलतं ते देवानं खरं करून दाखवलं.

रोज चारला पत्रं वाटतात. माझं नाव येत न्हाई. विठ्ठलराव म्हणतात, खबर वाईट असती तर सरकारी कागद आला असता, कागद न्हाई म्हणजे बरं हाय. त्यांच्या बोलण्यावर एक रात काढतो, दुसरी निघत न्हाई.

तू रागावली असशील तर कोरा कागद घडी घालून धाड. तुझ्या हाताची घडी मला वळखू येती.

तानाजी


वस्ती
१६ जानेवारी २०२५

तानाजी,

जिती हाय. आधी ते वाच, मग बाकीचं.

तुझं पत्र मला २८ तारखंला मिळालं. टेकाडावर एकटीनं वाचलं. वाचून तुझा एवढा राग आला की कागद दाताखाली धरून बसले. दोन दिस मायशी बोलले न्हाई, मेंढरांना उगी दगडं मारली. तिसऱ्या दिशी बाजाराला भाडं मारणाऱ्या सुग्रीवच्या गाडीत जाऊन बसले अन् त्याला म्हणलं, अंबाजोगाईला चल, एक शब्द बोलू नको. मेंढरं सटवाकाकांच्या हवाली केली. ते आनंदानं घेऊन गेले, मीच येडी त्यांना आजवर विचारलं न्हाई.

पट्टी काढली तर डॉक्टरीणबाईनं मला उठू दिलं न्हाई. म्हणली, मावशी, भाकरी थापताना आलतं ना, तोच झटका होता. तसंच पुढं लातूरला धाडलं. तिथं मनगटातनं तार घालून नळीत जाळी बसवली. मी जागी होते, सगळं टीव्हीवर दिसत होतं. आठ दिस ठिवलं. मनिषा संगं होती म्हणून निभावलं. आता गोळ्या जल्मभर. हृदयाचा एक कोपरा गेला तो गेलाच म्हणली. पहिल्याच पत्रात तू हे सगळं लिहलं असतंस तर तो बी राहिला असता कदाचित. पण तुला बोलायला माझं तोंड न्हाई, अन् ते कावून न्हाई ते आता ऐक.

तू लिहलंस, त्या दिवशी कुणी गाडीचं नाव काढलं न्हाई. काढलतं तानाजी. मी काढलतं.

तू चुलीपाशी सळई तापवत होतास तवा मी पळत सडकंला गेलते. सुग्रीव सिरसाळ्याच्या बाजाराला निघालता, त्याची गाडी मी अडवून वस्तीच्या तोंडापर्यंत आणली. त्यानं हॉर्न वाजवला. मी आत आले तर आबा उठून बसलते, हातात कप. तू माझ्याकडं बघून हसलास. मला लई बरं वाटलं रे. मी बाहेर गेले अन् सुग्रीवला म्हणलं, जा बाबा, बाजार गाठ, तानाजीनं डाग दिला, उतरलं आता. तो म्हणला, अक्का, आलोच हाय तर दाखवून आणू. मी म्हणलं, माझ्या भावाच्या हातावर भरवसा न्हाई व्हय तुला? अन् गाडी मागं फिरवली.

दुपारी आबा गेले. सुग्रीवला मी शपथ घातली, तो आजवर कुणापाशी बोलला न्हाई. मायनं हॉर्न ऐकलता. अजून कवा कवा विचारती, सारजे, त्या दिवशी दारात गाडी कुणाची गं वाजली? मी सांगते, कारखान्याची असंल.

आता तुला कळलं का मी दवाखान्यात कावून जात नव्हते? मेंढरं हा नुसता बहाणा. मी गेले अन् बरी झाले, तर आबा बी बरे झाले असते हे मानावं लागणार. अन् ते मानलं तर ती गाडी. म्हणून मी टेकाडावर घाम पुसत बसायची अन् म्हणायची, तानाजीच्या हाताला गुण हाय, तानाजीच्या हाताला गुण हाय.

मायला मी पित्ताचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं. ती काय म्हणली ठावं हाय? म्हणली, माझा तान्या घरी असता तर दवाखान्याची पाळीच आली नसती.

मी म्हणते, हे आपल्या दोघांतच राहू दे. म्हातारीचं किती राहिलंय? तिच्या खालची एवढी एकच फळी, ती कशाला ओढायची? पण परवापासून मला झोप न्हाई. सटवाकाका मेंढरं परत द्यायला आले तर अंगणातच खाली बसले. छातीत भरून येतंय म्हणले, आठ दिस झाले. मी म्हणलं, काका, दवाखान्यात चला. हसले. म्हणले, तान्या सुटंल ना पुढल्या साली, त्याच्या हातचा घेऊ एक डाग, तुझ्या आबाला दिलता तसा. माय लगेच म्हणली, व्हय, त्याच्यावाचून दुसरा हात न्हाई. मी हात जोडले, पाया पडले. काका ऐकंनात. म्हणतात, आधी मला सांग, डाग कावून नको? अन् माय माझ्या तोंडाकडं बघत होती.

सांगायचं तर पुरं सांगावं लागंल. सांगितलं की माय गाडीचं विचारणार. न सांगावं तर काका हायेत दारात, सोताच्या मेंढरामागं रोज टेकाड चढतात. तानाजी, माझ्यानं होईना. तू लिही काय करू.

सारजा


२५ जानेवारी २०२५

माय,

तुझ्या पाया पडतो. हे पत्र अक्काला अंगणात बसून मोठ्यानं वाचायला सांग. सटवाकाकांना बोलावून घे. ते येईस्तवर वाचायचं थांबव.

काका, तुमच्या छातीत भरून येतं हे मला कळलं. माझी वाट बघू नका. मी सुटून आलो तरी सळई हातात धरणार न्हाई. माझ्या हाताला गुण न्हाई, कवाच नव्हता. मेंढरांचं दुखणं आपलं आपण जात होतं अन् नाव माझं होत होतं. तुमच्या हृदयाची नळी तुंबत चालली असंल. अक्काची बी तुंबलती. तिला पित्त नव्हतं माय, तिला हार्ट अटॅक आलता. ती डागासाठी माझी वाट बघत मरायला टेकलती. दवाखान्यात गेली म्हणून वाचली.

माय, आबांना बी तेच झालतं. डागानं ते बरे झाले नव्हते. नुसती कळ कमी झालती, आतून ते चाललेच होते. सकाळी दहापासून चारपर्यंत त्यांना वाचवता येत होतं. मी वाचवलं न्हाई. तू लोकांना सांगतीस, माझ्या लेकानं जेवढं करता येईल तेवढं केलं. आजपासून तसं सांगू नको.

अन् तू विचारतीस ना, त्या दिवशी दारात गाडी कुणाची वाजली. सुग्रीवची होती. अक्का पळत जाऊन घेऊन आलती. मी सळई गार करायला बाहेर आलतो, गाडी बघितली अन् मीच त्याला म्हणलं, जा, उतरलं आता. अक्का न्हाई म्हणत होती. रडत होती, गाडीला आडवी झालती. मी ऐकलं न्हाई. मग मीच तिला शपथ घातली की मायला सांगायचं न्हाई. तिनं माझ्यापायी तीन वर्षं तोंड बंद ठिवलं. तिला काई बोलू नको.

अक्का, इथं थांबू नको. लिहलंय तसंच पुरं वाच, अन् उद्या सकाळी काकांना सुग्रीवच्या गाडीत बसव.

तुझा,
तानाजी